प्रसूतीपूर्वी मनाची सिद्धता

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. या उक्तीत मातृत्वाविषयीचा आदर आहे, तशीच पिढ्यान् पिढ्या साचलेली भीतीही आहे. ती भीती निराधार नव्हती. सुईणीच्या अनुभवावर आणि दैवाच्या कृपेवर भिस्त ठेवून जेथे बाळंतपणे होत असत, तेथे घरोघरी एखादी तरी दुःखद आठवण असे. आज ही परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे ६५ टक्के प्रसूती रुग्णालयांत वा आरोग्य केंद्रांत होत होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांवर पोहोचले. २०१८-२० या कालावधीत राज्यातील मातामृत्यूंचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतके खाली आले होते. त्या वेळची देशाची सरासरी ९७ होती, हे लक्षात घेता ही कामगिरी समाधानकारक म्हटली पाहिजे.

तथापि, प्रसूती घरातून रुग्णालयात गेली, तेव्हा तिच्याबरोबर जावयास हवी होती अशी एक गोष्ट घरीच राहून गेली. ती म्हणजे गर्भवतीच्या मनाची तयारी. लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची लस, रक्तदाब, वजन यांची नोंद माता-बालसंरक्षण कार्डावर नियमाने होते. पण पहिलटकरणीला कळा म्हणजे काय हे कोणी सांगितले आहे काय, प्रसूतिगृह तिने पूर्वी पाहिले आहे काय, त्या वेळी तिच्याजवळ कोण असणार आहे, या प्रश्नांसाठी त्या कार्डावर रकाना नाही. तो रकाना कुटुंबाने आणि गावाने भरावयाचा आहे.

फलटणच्या लेकीची कथा

सातारा जिल्ह्यातील फलटण हे नाईक-निंबाळकरांचे गाव. या घराण्याची कन्या सईबाई ही छत्रपती शिवाजी महाराजांची पत्नी. १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर तिने संभाजीराजांना जन्म दिला. त्यानंतर सईबाईंची प्रकृती खालावत गेली आणि ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर त्यांचे निधन झाले. बाळराजांना दूध पाजण्यासाठी कापूरहोळ येथील धाराऊ गाडे या दूधआई म्हणून आल्या आणि आजी जिजाऊसाहेबांनी नातवाचा सांभाळ केला.

राजघराण्यातील, सर्व साधने हाताशी असलेल्या स्त्रीलाही प्रसूतीनंतरच्या दुखण्यापासून त्या काळी संरक्षण नव्हते, हा या कथेचा एक भाग झाला. दुसरा भाग धाराऊंचा आणि जिजाऊंचा आहे. बाळंतपण आणि बाळाचे संगोपन हे एकट्या बाईचे काम नाही. तिच्याभोवती जाणत्या स्त्रियांचे कडे असावे लागते, ही जाण त्या समाजाला होती. वैद्यकशास्त्राने पहिली उणीव बहुतांशी भरून काढली. ते कडे मात्र सैल होऊ न देण्याची जबाबदारी आपली आहे.

घराने दिलेली शिकवण

आपल्या जुन्या चालीरीतींकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांतील शहाणपण ध्यानात येते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे मुलगी ऐन अवघड वेळी आपल्या आईच्या सान्निध्यात असे. तिसऱ्या महिन्यातील चोरचोळी, सातव्या महिन्यातील ओटीभरण आणि डोहाळजेवण या समारंभांत गर्भवतीच्या इच्छा आवर्जून विचारल्या जात. एरवी घरात जिचे मत कोणी विचारीत नसे, तिला ‘तुला काय हवे?’ असा प्रश्न या काळात सर्वांकडून ऐकावयास मिळे. जात्यावरच्या ओव्यांतून गरोदरपण, माहेरची ओढ आणि बाळंतपणाचे कष्ट यांविषयी स्त्रिया मोकळेपणाने बोलत. मनातील धास्तीला शब्द मिळाला की ती निम्मी होते, हे मानसशास्त्राचे तत्त्व या स्त्रिया पुस्तकाविना जाणत होत्या.

याच परंपरेची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. डोहाळजेवणाच्याच पंक्तीत कोणाच्या तरी अडलेल्या बाळंतपणाची कहाणी तिखटमीठ लावून सांगितली जाते. कळा मुकाट्याने सोसणारी ती सुलक्षणी, ओरडणारी ती नाजूक, असा निवाडा दिला जातो. मुलगाच हवा, ही अपेक्षा गर्भवतीच्या मनावर नऊ महिने दडपण ठेवते. शिवाय लाज आहेच. अंगावरून काय जाते, कोठे दुखते हे सांगावयाचे कसे, या संकोचापायी अनेक स्त्रिया वेळेवर बोलत नाहीत.

हा संकोच घातक आहे, हे आनंदीबाई जोशी यांनी फार पूर्वी ओळखले होते. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे बाळ अवघ्या दहा दिवसांत दगावले. त्या आघातातून त्यांनी वैद्यकीय शिक्षणाचा निश्चय केला. हिंदू स्त्रियांना स्त्री डॉक्टरची गरज आहे, असे त्यांनी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील सभेत जाहीरपणे सांगितले आणि १८८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पदवी घेताना प्रबंधासाठी प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला. स्त्रीला ज्या व्यक्तीशी मोकळेपणाने बोलता येते, तिच्याच हाती ती विश्वासाने स्वतःला सोपविते, हा त्यांच्या म्हणण्यातील गाभा आजही तितकाच खरा आहे.

भीती आणि कळा

भीतीचा प्रसववेदनांवर प्रत्यक्ष परिणाम होतो काय? या प्रश्नाचा पद्धतशीर विचार विसाव्या शतकात सुरू झाला. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, भीतीने शरीर ताठरते, ताठरलेल्या शरीरात वेदना वाढते आणि वाढलेली वेदना भीतीला पुन्हा खतपाणी घालते. पुढे १९५१ च्या सुमारास फेर्नां लामाझ या फ्रेंच डॉक्टरांनी सोव्हिएत रशियातील प्रयोग पाहून पॅरिसमध्ये श्वसनाचे व शिथिलीकरणाचे शिक्षण गर्भवतींना देण्यास प्रारंभ केला.

या विचारामागील शरीरव्यापार समजावयास कठीण नाही. गर्भाशयाच्या कळा ऑक्सिटोसिन नावाच्या अंतःस्रावामुळे येतात. स्त्रीला निवांत, ओळखीचे आणि सुरक्षित वाटत असेल, तर हा स्राव सुरळीत चालतो. मन घाबरले की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन वाढते. संकटात पळण्यासाठी वा लढण्यासाठी शरीराला सज्ज करणारा हा स्राव प्रसूतीच्या कामी मात्र अडथळा आणतो. कळा मंदावतात, स्नायू आखडतात आणि प्रसूती लांबण्याचा संभव वाढतो. कोलाहलात शेळी-मेंढी सहजपणे वीत नाही, आडोसा शोधते, हे फलटणच्या पूर्व भागातील प्रत्येक मेंढपाळास ठाऊक आहे.

मात्र यावरून वेदना ही केवळ मनाची कल्पना आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. कळा दुखतात आणि मनाची तयारी केलेल्या स्त्रीलाही त्या दुखतात. तयारीने होते ते एवढेच, की पुढे काय होणार आहे हे ठाऊक असल्यामुळे ती वेदना पेलता येते. वेदना कमी करण्याचे औषध मागणे हा कमकुवतपणा नव्हे. त्याचप्रमाणे शस्त्रक्रियेने होणारी प्रसूती ही आईची हार नव्हे. २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातील सुमारे चौथा हिस्सा प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. त्यामुळे ही शक्यता गर्भवतीला अगोदरच शांतपणे सांगून ठेवावी. ऐन वेळी कागदावर सही मागितली जाते तेव्हा ती प्रथमच ऐकावी लागू नये.

गर्भवतीला काय सांगावे?

सातव्या महिन्यानंतर पुढील गोष्टी प्रत्येक गर्भवतीला तिच्या भाषेत, घाई न करता सांगितल्या पाहिजेत.

प्रसूतीचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात गर्भाशयाचे तोंड हळूहळू उघडते. हा टप्पा सर्वांत दीर्घ. सुरुवातीला कळा विरळ आणि सौम्य असतात व हा आरंभीचा काळ बराच लांबू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार, तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरचा वेग घेतलेला काळ पहिलटकरणीच्या बाबतीत सामान्यतः बारा तासांपेक्षा अधिक नसतो. दुसऱ्या टप्प्यात बाळ जन्मते. तिसऱ्यात वार पडते. ‘सकाळपासून कळा येताहेत, अजून काही होत नाही’ म्हणून घाबरून जाणारी स्त्री आणि ‘पहिल्या वेळी इतका वेळ लागतोच’ हे जाणणारी स्त्री, या दोघींच्या सोसण्यात फार अंतर पडते.

कळ सतत नसते. ती लाटेप्रमाणे चढते, शिखरावर जाते आणि ओसरते. दोन कळांच्या मधला वेळ हा विसाव्याचा असतो. चढत्या कळेबरोबर संथ श्वास घ्यावा, सावकाश सोडावा, खांदे आणि जबडा सैल ठेवावा. डॉक्टर वा परिचारिकेने मनाई केली नसेल तर चालावे, उकिडवे बसावे, कुशीवर निजावे. कोणीतरी कंबर चोळून दिल्याने पुष्कळ आराम पडतो. हा श्वासाचा सराव घरी रोज थोडा वेळ केला तर ऐन वेळी आठवतो.

त्याबरोबरच धोक्याच्या खुणा सांगाव्यात. अंगावरून रक्त जाणे, कळांपूर्वीच पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, झटके येणे, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही आढळले तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. कशाला घाबरावयाचे आणि कशाला नाही, हे ज्या स्त्रीला कळते तीच वेळेवर निर्णय घेते. आंधळी भीती आणि आंधळा धीर हे दोन्ही सारखेच धोक्याचे.

सोबतीचा अधिकार

मनाला आधार देणाऱ्या सर्व उपायांत एक उपाय सर्वांत साधा आणि सर्वांत सिद्ध झालेला आहे. तो म्हणजे प्रसूतीच्या वेळी सतत जवळ असणारे विश्वासाचे माणूस. कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीक्षेत १७ देशांतील २६ अभ्यासांचा आणि पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा विचार करण्यात आला होता. प्रसूतीदरम्यान अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक, शस्त्रक्रियेचे कमी आणि कळांचा काळ काहीसा थोडा असल्याचे दिसून आले. प्रसूतीच्या अनुभवाविषयी नाराजीही त्यांच्यात कमी होती.

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये शासकीय आरोग्य संस्थांतील प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली. ही सोबतीण स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली नात्यातील स्त्री असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिने स्वच्छ कपडे वापरावेत, प्रसूती होईपर्यंत जवळ थांबावे आणि उपचारांत ढवळाढवळ करू नये, अशा अपेक्षा आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ उपक्रमातही प्रसूतिगृहातील आडोसा, सन्मानाची वागणूक आणि सोबतीण यांना महत्त्व देण्यात आले आहे.

आता प्रश्न असा, की आपल्या गावातील किती कुटुंबांना ही तरतूद ठाऊक आहे? आई किंवा सासू दाराबाहेर बाकावर बसते आणि आत मुलगी एकटी असते, हे चित्र केवळ माहितीअभावी टिकून राहता कामा नये. सोबतीण कोण हे आठव्या महिन्यातच ठरवावे आणि ती निवड गर्भवतीची असावी. सोबतीणीलाही तिचे काम समजावून द्यावे. घोटभर पाणी देणे, पाठ चोळणे, कळ ओसरली की ‘ही एक गेली’ असे सांगणे, रागावलेल्या वा रडणाऱ्या बाईला न टोकणे, एवढेच ते काम आहे. पण ते अखंड करावयाचे आहे.

ज्यांचे माहेर दूर आहे

फलटण तालुक्यातून नीरा उजवा कालवा वाहतो आणि त्याच्या काठाने उसाचे मळे पसरले आहेत. दर हंगामात बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सातारा-सांगलीच्या कारखान्यांकडे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मानला जातो. उचल अगोदरच घेतलेली असल्यामुळे दिवस भरत आलेली स्त्रीही कामावर येते. हंगाम साधारणपणे दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या सहा महिन्यांत ज्यांचे बाळंतपण येते, त्यांना माहेर नाही, डोहाळजेवण नाही, ओळखीची आशाताई नाही. फडाशेजारची कोपी हेच घर. परक्या गावातील रुग्णालय कोठे आहे हेही पुष्कळदा ठाऊक नसते, आणि गेलो तर कोणी बोलेल काय, या धास्तीने जाणे लांबणीवर पडते.

या स्त्रीच्या बाबतीत मनाच्या तयारीचा प्रश्न थेट जिवाशी येऊन भिडतो. राज्याच्या दुर्गम आदिवासी भागांत दिवस भरत आलेल्या स्त्रियांना आरोग्य केंद्राच्या आवारात काही दिवस अगोदर राहता यावे म्हणून ‘माहेरघर’ ही योजना राबविण्यात आली. नाव नेमके आहे. प्रसूतीपूर्वी स्त्रीला काय हवे असते, ते या एका शब्दात सामावले आहे. ज्या गावच्या शिवारात टोळी उतरते, त्या गावाने हंगामापुरते तिचे माहेर होणे अशक्य नाही. टोळी आली की मुकादमाकडून गर्भवतींची नावे घ्यावीत, आशा स्वयंसेविकेची त्यांच्याशी भेट घालून द्यावी, १०२ व १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक कोपीवर लिहून द्यावेत आणि गावातील एखाद्या जाणत्या स्त्रीने सोबतीला येण्याची तयारी ठेवावी. आपली नोंद आपल्या गावी आहे, येथे कोणी विचारणार नाही, हा त्यांचा समज दूर करावा. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयांत प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, आहार आणि ने-आण विनामूल्य आहे. हा लाभ स्थलांतरित स्त्रीलाही आहे.

बाळंतपणानंतरचे मन

बाळ जन्मले की सर्वांचे लक्ष बाळाकडे वळते. याच वेळी आईचे मन अत्यंत हळवे झालेले असते. पहिल्या काही दिवसांत विनाकारण रडू येणे, चिडचिड होणे हे अनेक मातांच्या बाबतीत घडते आणि विश्रांती व आपुलकी मिळाली की साधारणपणे दोन आठवड्यांत ओसरते. परंतु उदासपणा त्यापुढेही टिकला, झोप-भूक उडाली, बाळाविषयी काही वाटेनासे झाले, जगणे नको वाटू लागले, तर तो आजार समजावा. बाहेरची बाधा किंवा आळस समजू नये.

आपल्या शेजारच्या गोव्यात केलेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांचा अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी, पतीकडून होणारी मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे यांचा त्याच्याशी संबंध दिसून आला. याचा अर्थ स्पष्ट आहे. आईच्या मनाचे औषध पुष्कळ अंशी घरातच आहे. ‘मुलगी झाली’ हे शब्द घरातील वडीलधारी माणसे कोणत्या स्वरात उच्चारतात, त्यावर बाळंतिणीची प्रकृती अवलंबून असते. अशा त्रासासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर उपलब्ध झाली असून तेथे मराठीतून बोलता येते.

गावाने करावयाची कामे

या कामासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ग्रामपंचायत सदस्यांनी, विशेषतः महिला सदस्यांनी, ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत दरमहा एवढेच विचारावे : पुढील दोन महिन्यांत गावात कोणाचे दिवस भरत आहेत, त्यांची सोबतीण ठरली आहे काय, वाहन ठरले आहे काय? अंगणवाडीतील ओटीभरणाचा कार्यक्रम नारळ-खणापुरता न ठेवता त्यात परिचारिकेने कळांविषयी आणि श्वासाच्या सरावाविषयी अर्धा तास सांगावे. सासू आणि पती यांनाही त्या दिवशी अगत्याने बोलवावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानानुसार २०१६ पासून दरमहा ९ तारखेस गर्भवतींची तपासणी केली जाते. त्या दिवशी रुग्णालयात आलेल्या गर्भवतीला प्रसूतिकक्ष दाखवून आणावा. जी खोली एकदा पाहिली आहे, तिची धास्ती पुन्हा तितकी वाटत नाही.

शिक्षकांचा वाटा थोडा वेगळा आहे. शरीरशास्त्राच्या पाठात प्रजननाचे प्रकरण ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देण्याची पद्धत बंद व्हावयास हवी. जी मुलगी वर्गात हा विषय निःसंकोचपणे शिकेल, ती पुढे डॉक्टरांपुढे आपले दुखणे सांगेल. जो मुलगा तो शिकेल, तो पुढे पत्नीच्या कळांच्या वेळी बावरून न जाता वाहन घेऊन येईल. आरोग्य खात्यातील अधिकाऱ्यांनी प्रसूतिकक्षातील पडदा, पिण्याचे पाणी आणि सोबतीणीला बसावयास एक स्टूल यांची पाहणी औषधसाठ्याइतक्याच काटेकोरपणे करावी. कामाच्या ताणाखाली असलेल्या परिचारिकेचा एखादा कठोर शब्द स्त्री आयुष्यभर विसरत नाही आणि पुढच्या खेपेस रुग्णालयात येण्यास कचरते. तो शब्द टळावा म्हणून परिचारिकेवरील भारही हलका करावयास हवा, हे ओघाने आलेच.

सुरक्षित प्रसूतीसाठी रस्ते झाले, वाहने आली, रुग्णालये उभी राहिली. त्या रुग्णालयाच्या दारातून आत जाणारी स्त्री धास्तावलेली आणि एकटी असू नये. पुढे काय घडणार आहे हे तिला ठाऊक असावे आणि तिचा हात धरणारे कोणी तरी सोबत असावे. ही व्यवस्था करणे कोणत्याही गावाच्या आवाक्यात आहे. येत्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घेतला, तरी पुष्कळ साधेल.